जीपीएस ट्रॅकरचा डेटा स्वतःच्या सर्व्हरवर आणताना: पत्ता, पोच आणि वेळ

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून वाशीच्या बाजार समितीत भाजीपाला नेणाऱ्या चार पिकअप आहेत. चारही गाड्यांत जीटी०६ जातीचे ट्रॅकर बसवले. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीचं एक पान लिहून त्याचा पत्ता एसएमएसने ट्रॅकरला दिला, पण काहीच येत नाही. मग भाड्याने घेतलेल्या एका छोट्या सर्व्हरवर पोर्ट उघडून पाहिलं, तर अगम्य चिन्हांची एक ओळ येते आणि थोड्या वेळाने कनेक्शन तुटतं. मासिक भाडं भरून कंपनीचं अ‍ॅप वापरायचं नाही, डेटा स्वतःकडे हवा आहे. कुठे चुकतंय?

ट्रॅकर चांगला आहे आणि तुमचं सिमही चालू आहे. ती अगम्य ओळ म्हणजे ट्रॅकरने केलेलं लॉगिन. त्याला उत्तर मिळालं नाही म्हणून त्याने फोन ठेवून दिला. काम निम्म्याहून अधिक झालंय असं समजा.

शेअर्ड होस्टिंगचा विचार आधी सोडून द्या. वेबपान ब्राउझरसारख्या एचटीटीपी विनंतीची वाट बघतं. जीटी०६ला एचटीटीपी येतच नाही. तो साधं टीसीपी कनेक्शन उघडतं ठेवतो आणि त्यावरून बाइट पाठवत राहतो. त्यासाठी समोर चोवीस तास ऐकत बसणारा प्रोग्राम आणि त्याच्यासाठी मोकळं पोर्ट लागतं. शेअर्ड होस्टिंगवर हे करू देत नाहीत. घरच्या ब्रॉडबँडवर जुना संगणक चालू ठेवून भागेल असंही अनेकांना वाटतं, पण घरगुती जोडणीला बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात आणि बाहेरून आत यायला वाट नसते. तुम्ही घेतलाय तसा छोटा व्हर्च्युअल सर्व्हर हाच मार्ग. चार गाड्यांना सगळ्यात लहान पुरतो. आयपी मात्र कायमचा बांधून घ्या आणि आयपीव्ही४ असल्याची खात्री करा. मशीनवरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलं तरी क्लाउड कंपनीच्या पॅनेलमध्ये वेगळी फायरवॉल असते. ती विसरल्यामुळे दोन-दोन दिवस डोकं धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

ट्रॅकरला तीनच गोष्टी सांगाव्या लागतात: सिमचा एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव), सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट, आणि किती सेकंदांनी स्थान पाठवायचं. हे सगळं एसएमएसने होतं. आज्ञांचे शब्द मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून खोक्यातला कागद जपून ठेवा. शक्य असेल तर आयपीऐवजी डोमेन नाव द्या. उद्या सर्व्हर बदलला तर डीएनएसमध्ये एक नोंद बदलून काम होईल, प्रत्येक गाडीला एसएमएस करत बसावं लागणार नाही. आज्ञेत 'इथे आयपी आहे की नाव' हे सांगणारा ० किंवा १ असा एक आकडा असतो. तो चुकला की ट्रॅकर मुकाट्याने गप्प बसतो.

सिमबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. स्वस्त जीटी०६ हे २जी यंत्र आहे आणि जिओकडे २जी नाहीच. त्यात जिओचं सिम घातलं तर नेटवर्कचा दिवा लागणारच नाही, ट्रॅकर कितीही वेळा बदलून आणा. एअरटेल किंवा व्हीआय घ्या, सिम आधी फोनमध्ये घालून डेटा चालतो का बघा, आणि पिन लॉक काढून टाका. एम२एम, म्हणजे खास यंत्रांसाठीचं, सिम घेतलंत तर त्याचा नंबर १३ अंकी असतो आणि त्यावर आज्ञा पाठवायच्या तर सहसा पुरवठादाराच्या पॅनेलमधूनच पाठवाव्या लागतात. चार गाड्यांसाठी साधं सिम सोयीचं. डेटा किती लागेल याची काळजी नको: दर १० सेकंदांनी एक नोंद, रोज १२ तास गाडी चालू, टीसीपीचा बोजा धरून नोंदीमागे सव्वाशे बाइट धरले तरी दिवसाला अर्धा एमबी होतो. महिन्याला १५ एमबी. खर्च होतो तो सिम जिवंत ठेवण्याच्या किमान रिचार्जचा.

आता त्या अगम्य ओळीकडे येऊ. ती अक्षरं म्हणून वाचू नका, हेक्समध्ये (प्रत्येक बाइट सोळाच्या पायावरच्या दोन आकड्यांत) छापा. सुरुवातीला ७८ ७८ दिसेल. मग एक बाइट लांबीचा, मग एक बाइट प्रकाराचा: ०१ म्हणजे लॉगिन, १२ म्हणजे स्थान, १३ म्हणजे 'मी जिवंत आहे' असं सांगणारा हार्टबीट, १६ म्हणजे अलार्म. हे सगळे हेक्समधले आकडे आहेत. त्यानंतर मजकूर, दोन बाइटांचा अनुक्रमांक, दोन बाइटांचा सीआरसी (पॅकेट वाटेत बिघडलं नाही ना हे तपासायचा आकडा), आणि शेवटी कॅरेज रिटर्न व लाइन फीड. लॉगिनच्या पॅकेटमध्ये मजकूर म्हणजे फक्त आयएमईआय, यंत्राचा ओळख क्रमांक. त्याचे १५ आकडे पुढे एक शून्य लावून ८ बाइटांत, प्रत्येक बाइटात दोन आकडे, असे बसवलेले असतात. हेक्स छापलंत की आयएमईआय सरळ डोळ्यांनी वाचता येतो.

या लॉगिनला पोच द्यावी लागते, आणि तुमच्याकडे नेमकी तीच राहिली आहे. पोच दहा बाइटांची: ७८ ७८, लांबी ०५, प्रकार ०१, ट्रॅकरने पाठवलेला तोच अनुक्रमांक, सीआरसी, आणि शेवटचे दोन बाइट. सगळ्यांची गाडी सीआरसीवर अडते, कारण १६ बिटांच्या सीआरसीचे अनेक प्रकार आहेत आणि पहिला सापडेल तो चालत नाही. इथे एक्स-२५ नावाचा प्रकार लागतो आणि तो लांबीच्या बाइटापासून अनुक्रमांकापर्यंतच मोजायचा, ७८ ७८ सोडून. पडताळणीसाठी हे घ्या: ०५ ०१ ०० ०१ या चार बाइटांचा सीआरसी डी९ डीसी आला पाहिजे. आला तर पुढे जा. नाही आला तर आधी तेवढंच दुरुस्त करा. चुकीची पोच आणि पोच नसणं ट्रॅकरला सारखंच.

दुसरा खड्डा टीसीपीचा. एकदा वाचलं की एक पूर्ण पॅकेट हातात येईल असं गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम टेबलावर चालतो आणि रस्त्यावर पडतो. टीसीपी नळासारखं आहे, तुम्ही किती तांबे भरले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कधी अर्धं पॅकेट येईल, कधी तीन एकदम येतील. आलेले बाइट एका बफरमध्ये जोडत जा, लांबीचा बाइट बघून पूर्ण झालेलं पॅकेट तोडून काढा, उरलेलं पुढच्या वाचनासाठी ठेवा. घाटातून बाहेर आल्यावर ट्रॅकर साठवलेल्या नोंदी सपाट्याने ओततो, त्या वेळी हे नसेल तर निम्म्या नोंदी कचऱ्यात जातात.

स्थानाचं गणित सोपं आहे. अक्षांश आणि रेखांश प्रत्येकी चार बाइटांचे पूर्णांक, त्यांना १८ लाखांनी भागलं की अंश मिळतात. नाशिक साधारण २० अंशांवर, म्हणून अक्षांशाच्या जागी ३ कोटी ६० लाखांच्या आसपासची संख्या दिसायला हवी आणि रेखांशाच्या जागी १३ कोटी २८ लाखांच्या आसपासची. दिशा मात्र वेगळ्या दोन बिटांत असते आणि त्यांचा संकेत विचित्र आहे: उत्तर असेल तर १, पण पूर्व असेल तर ०. दोन्ही '१ म्हणजे होय' असं धरलं की नाशिकची गाडी क्युबा आणि हैती यांच्या मधल्या समुद्रात दिसते. नकाशावर गाडी तिथे सापडली तर बाकी सगळं बरोबर आहे, फक्त तो बिट उलटा करा.

पुढेमागे दुसऱ्या जातीचा ट्रॅकर घेतलात आणि तो नोंदी स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुरात पाठवत असेल, तर वेगळा सापळा आहे. त्यात अक्षांश बहुधा अंश आणि मिनिटं एकत्र लिहिलेला असतो. १९५९.८५ म्हणजे १९ अंश ५९.८५ मिनिटं, दशांशात १९.९९७५. तो नुसता १०० ने भागला तर १९.५९८५ येतो आणि गाडी सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला सरकते. चूक मोठी असूनही पटकन ध्यानात येत नाही, कारण गाडी महाराष्ट्रातच दिसते, रस्त्याचा आकारही ओळखीचा वाटतो आणि दोष ट्रॅकरच्या अँटेनाला दिला जातो. अशा मजकुरात वेगही अनेकदा नॉटमध्ये असतो, त्याला १.८५२ ने गुणावं लागतं. जीटी०६मध्ये वेग थेट ताशी किलोमीटरमध्ये येतो.

इथवरचं सगळं दोन-तीन संध्याकाळींत जमतं. खरा त्रास पुढे आहे, आणि नकाशावर ठिपका हलताना बघून खूश झालेल्यांना तो महिन्याभराने भेटतो. स्थान पोचवणं एकवेळ सोपं, पण ते केव्हाचं आहे आणि खरं आहे का, हे सांभाळणं कष्टाचं.

वेळेपासून सुरू करू. प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात: ट्रॅकरने स्थान घेतलं ती आणि तुमच्या सर्व्हरला ते मिळालं ती. दोन्ही साठवा, पण प्रवासाचा हिशेब नेहमी ट्रॅकरच्या वेळेवर करा. तुमची गाडी कसारा घाट उतरते तेव्हा मधेच नेटवर्क जातं. ट्रॅकर नोंदी स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि शहापूरच्या अलीकडे रेंज आली की सगळ्या एकदम पाठवतो. काही यंत्रं आधी ताजी नोंद पाठवून मग जुन्या काढतात. सर्व्हरच्या वेळेवर भरवसा ठेवलात तर गाडी शहापूरहून उडी मारून परत कसाऱ्याला जाते, तिथून पाच सेकंदांत घाट उतरते, आणि अहवालात ताशी हजारो किलोमीटरचा वेग येतो. 'सध्या गाडी कुठे आहे' हा रकाना बदलतानाही आलेली नोंद आधीच्यापेक्षा नवी आहे का हे तपासूनच बदला. एकच नोंद दोनदाही येते, म्हणून आयएमईआय आणि ट्रॅकरची वेळ मिळून डेटाबेसमध्ये एकच नोंद राहील असा निर्बंध घाला.

ट्रॅकरची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, ठेवा आणि डेटाबेसमध्येही यूटीसीच राहू द्या, भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवताना करा. तुमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं आहे. पहाटे २ वाजता नाशिकहून निघालेली गाडी यूटीसीत आदल्या दिवशीच्या रात्री ८:३० ला निघते. तारखेप्रमाणे अहवाल काढताना हे विसरलं तर एक फेरी दोन दिवसांत वाटली जाते आणि डिझेलचा हिशेब जुळत नाही. यूटीसीचे आकडे भारतीय वेळ समजून तसेच दाखवले तर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. अडीच तास पुढे दिसत असेल तर ट्रॅकर चीनच्या घड्याळावर चाललाय आणि तुम्ही तीच भारतीय वेळ मानताय. एसएमएसने त्याचा टाइमझोन शून्यावर आणा. आणि एखादा जुना ट्रॅकर तारीख जवळजवळ २० वर्षं मागची देत असेल तर त्याच्याशी भांडू नका. जीपीएसचा आठवड्यांचा मोजक १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो, शेवटचा असा फेरा ६ एप्रिल २०१९ ला झाला. ज्या यंत्राच्या फर्मवेअरला तो समजला नाही ते भंगारातच द्यावं.

आता खरेपणा. स्थानाच्या नोंदीत 'उपग्रहांवरून स्थान मिळालं आहे' असं सांगणारा एक बिट असतो. तो शून्य असताना ट्रॅकर बहुधा शेवटचं माहीत असलेलं स्थानच पुन्हा पाठवतो. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा सुमारे ८ किलोमीटरचा जोडबोगदा जून २०२५ पासून वाहतुकीला खुला आहे. त्यात शिरलेली गाडी तोंडाशीच उभी राहिल्यासारखी दिसेल. बिट न बघता हे साठवलंत तर चालकाला 'बोगद्याजवळ सहा मिनिटं का थांबलास' असं विचाराल, आणि तो बिचारा ताशी ऐंशीने चालला असेल. असल्या नोंदी टाकून देऊ नका, पण 'स्थान नाही' अशी खूण करून ठेवा. त्याच पॅकेटमध्ये मोबाइल टॉवरचा क्रमांकही असतो. त्यावरून अंदाज काढता येतो, मात्र घाटात तो किलोमीटरांनी चुकतो, तेव्हा पुरावा म्हणून तो वापरू नका.

उभ्या गाडीचंही असंच. रात्रभर शेडमध्ये थांबलेली गाडी नकाशावर दहा-वीस मीटर इकडेतिकडे भटकत राहते आणि ते सगळं अंतर बेरजेत शिरतं. इग्निशनशी जोडायची एसीसीची वायर इलेक्ट्रिशियन 'तिची गरज नाही' म्हणून टेप लावून सोडून देतात. ती जोडून घ्या. एसीसी बंद असताना अंतर मोजायचंच नाही, एवढ्या एका नियमाने अहवाल सुधारतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिलं स्थान यायला अर्धा मिनिट लागला तर तो दोष नाही. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो आणि ती पुन्हा यायला ३० सेकंद लागतात. डॅशबोर्डच्या आत, अँटेना आकाशाकडे करून, वर पत्रा येणार नाही अशा जागी ट्रॅकर ठेवला की बाकी तक्रारी आपोआप कमी होतात.

पोचेकडे पुन्हा यावं लागतं, कारण डेटा हरवतो तो तिथेच. मूळ जीटी०६मध्ये लॉगिन, हार्टबीट आणि अलार्म यांना उत्तर लागतं, पण स्थानाच्या पॅकेटला लागत नाही. ट्रॅकरने ते नेटवर्ककडे सोपवलं की त्याच्या दृष्टीने काम झालं. घाटाच्या सुरुवातीला रेंज जाता जाता पाठवलेल्या दोन-चार नोंदी त्यामुळे कायमच्या जातात, तुमचा सर्व्हर कितीही चांगला असो. भाजीच्या गाडीला हे चालतं. प्रत्येक नोंद हवीच असेल तर टेल्टोनिकासारखी यंत्रं घ्या, ती सर्व्हरने 'इतक्या नोंदी मिळाल्या' हा आकडा परत दिल्याशिवाय मेमरीतल्या नोंदी पुसत नाहीत. मात्र मग जबाबदारी तुमच्यावर येते: नोंद डेटाबेसमध्ये किंवा निदान डिस्कवर उतरल्यावरच पोच द्या. आधी पोच देऊन मग लिहायला घेतलं आणि तेवढ्यात प्रोग्राम कोसळला, तर ती नोंद दोन्हीकडून गेली. आलेलं कच्चं हेक्सही निदान महिनाभर तसंच ठेवा, कारण उलगडण्यात चूक सापडली की जुना डेटा पुन्हा उलगडता येतो.

कनेक्शनही उघडं ठेवावं लागतं. मोबाइल कंपनीच्या जाळ्यामागे असलेल्या ट्रॅकरला सर्व्हर स्वतःहून गाठू शकत नाही, आणि काही मिनिटं शांतता राहिली की मधलं जाळं ती वाट बंद करतं. हार्टबीट त्यासाठीच आहे. तो तीन मिनिटांनी येत असेल तर सर्व्हरने दहा मिनिटं वाट बघून जोडणी तोडावी. त्याच आयएमईआयने नवीन लॉगिन आलं तर जुनी जोडणी लगेच बंद करावी, नाहीतर मेलेल्या जोडण्यांची गर्दी होते.

हे सगळं वाचून हात टेकले असतील तर ट्रॅकार (Traccar) हा तयार सर्व्हर प्रोग्राम वापरा. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे आणि शेकडो जातींचे ट्रॅकर त्याला कळतात. जीटी०६साठी पोर्ट ५०२३, नकाशासाठी ८०८२. अनोळखी ट्रॅकर आला की त्याचा आयएमईआय लॉगमध्ये दिसतो, तो नोंदवला की काम सुरू. ट्रॅकर लावण्याआधी त्यांचंच फोनवरचं अ‍ॅप ५०५५ पोर्टवर जोडून पाहा. फोनचं स्थान दिसलं तर सर्व्हर उभा आहे, सिम किंवा आज्ञांचा घोळ वेगळा शोधता येतो. सोबत येणारा एच२ डेटाबेस चाचणीपुरता ठेवा, रोजच्या वापराला मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस जोडा. माझं मत विचाराल तर चार गाड्यांसाठी स्वतःचा प्रोग्राम लिहायची गरज नाही. लिहिण्याची हौस असेल तर ट्रॅकार शेजारी चालवून स्वतःची उत्तरं त्याच्याशी ताडून बघा.

सुरक्षेचं थोडं कडक सांगतो. जीटी०६ला पासवर्ड नाही. आयएमईआय माहीत असलेला कोणीही तुमच्या गाडीच्या नावाने खोटी स्थानं पाठवू शकतो. माहितीही उघड्यावरून जाते. निदान नोंदवलेल्या आयएमईआयखेरीज बाकी सगळे नाकारा. एसएमएस आज्ञांचा पासवर्ड कारखान्यातून १२३४५६ किंवा तसलाच येतो, तो पहिल्याच दिवशी बदला. जुलै २०२२ मध्ये मायकोडस एमव्ही७२० या ट्रॅकरमधल्या अशाच त्रुटींबद्दल अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर इशारा दिला होता. कारखान्यातला ठरीव पासवर्ड वापरून तिऱ्हाईताला ट्रॅकरला आज्ञा देता येत होत्या. इंजिन बंद करणाऱ्या रिलेची वायर म्हणूनच मी जोडत नाही. चोरी झाली तर उपयोगी पडेल हे खरं, पण भरलेली गाडी कसारा उतरत असताना कोणाच्या तरी चुकीच्या एसएमएसने इंजिन बंद पडलं, तर पॉवर स्टिअरिंगही जातं आणि ब्रेकचा जोरही जातो.

शेवटचा मुद्दा, उद्या तुम्ही शाळेची बस किंवा टुरिस्ट टॅक्सी घ्यायचं ठरवलंत तर. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-एचखाली एआयएस १४० (वाहन ट्रॅकरचं भारतीय मानक) प्रमाणित यंत्र लागतं, आपत्कालीन बटणासकट. त्याचा डेटा सरकारी यंत्रणेकडे जावा लागतो. रेंज नसताना साठवलेल्या नोंदी त्यात 'एच' आणि ताज्या नोंदी 'एल' अशा खुणेने वेगळ्या येतात, म्हणजे वर सांगितलेली जुन्या-नव्याची डोकेदुखी निम्मी कमी होते. ही यंत्रं एकाहून अधिक सर्व्हरना डेटा पाठवू शकतात, तेव्हा विक्रेत्याकडून पैसे देण्याआधीच लिहून घ्या की दुसरा पत्ता तुमच्या सर्व्हरचा घालून मिळेल. बसवून झाल्यावर विचारलंत तर पत्ता बदलायचा पासवर्ड 'कंपनीकडे असतो' असं उत्तर मिळतं.